इमॅजिकाला सगळं घर घेऊन जाताना

कर्नाटकातल्या निपाणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरची नऊ माणसं खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कला जाणार आहेत: ताई आणि त्यांचे यजमान, दीर-जाऊ, १६ वर्षांचा पुतण्या, ११ आणि ९ वर्षांच्या दोन मुली, ५ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. मे महिन्यात एका रात्री गाडी काढायची, सकाळी पोचायचं, दिवसभर सगळं बघायचं आणि रात्रीच परत फिरायचं, असा बेत आहे. थीम पार्क आणि वॉटर पार्क दोन्हीचं एकत्र तिकीट काढावं का, आणि सासूबाईंना न्यावं की घरी ठेवावं, असं त्यांनी विचारलंय.

मी बेळगावातून कुटुंबांच्या आणि शाळांच्या सहली नेतो, बरीच वर्षं हेच काम आहे. त्यावरून सांगतो. सासूबाईंना न्याच. रात्रीचा प्रवास नको. मे नको. एकत्र तिकीट नको. आणि ताईंनी न विचारलेली, पण या सगळ्यांपेक्षा मोठी गोष्ट: आत गेल्यावर नऊ जणांनी दिवसभर एकत्र फिरू नका. आपल्याकडची कुटुंबं पार्कमध्येही जत्रेत एकमेकांचा पदर धरून चालावं तशी चालतात. पाच वर्षांच्या पोरासाठी सोळा वर्षांचा पोरगा थांबतो, सोळा वर्षांच्या पोरासाठी आजी उन्हात बाकावर बसते, आणि संध्याकाळी कुणाचंच मन भरलेलं नसतं. तिकिटाचे पैसे वाया जातात ते इथे.

आधी प्रवासाचं बघू. निपाणी ते पुणे अडीचशे किलोमीटरच्या वर, तिथून घाट उतरून खोपोली आणखी पाऊणशे. म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे टोलनाके घेत, त्यात सातारा ते कागल रुंदीकरणाची कामं आणि वळवलेले रस्ते. सात तास धरा, आठही लागतात. रात्रभर गाडीत अर्धवट झोपलेली मुलं सकाळी गेटवर उत्साहात असतात, दुपारी दोनला मात्र चिडचिडी होऊन रडायला लागतात. त्याहून काळजीची गोष्ट चालकाची. रात्री गाडी चालवलेला माणूस दिवसभर पार्किंगमधल्या उकाड्यात नीट झोपू शकत नाही, आणि तोच माणूस पुढच्या रात्री तुम्हाला घाटातून परत आणणार. माझ्याकडे असा बेत घेऊन कुणी आलं तर मी गाडी देत नाही.

त्याऐवजी सकाळी निपाणी सोडा. वाटेत कराड-साताऱ्याला जेवण, संध्याकाळी खोपोली किंवा लोणावळ्यात मुक्काम. पुण्यात नातेवाईक असतील, आणि आपल्या भागातल्या बहुतेकांचे असतातच, तर तिथे उतरलात तरी चालेल. फक्त दुसऱ्या दिवशी एक्स्प्रेसवेला लवकर लागायचं. पार्कचा दिवस पूर्ण करून त्या रात्री खोपोलीतच राहायचं, तिसऱ्या दिवशी परत. दोन मुक्कामांचा खर्च वाढतो हे खरं. पण नऊ तिकिटांना लागणारे पैसे बघता, तो दिवस ताजातवाना मिळावा म्हणून केलेला हा खर्च मला योग्य वाटतो. बेळगाव, खानापूरकडून येणाऱ्या चार-पाच माणसांच्या कुटुंबाला मी रेल्वे सुचवतो. हुबळी-पुणे वंदे भारत आठवड्यातून तीन दिवस बेळगाववरून जाते. पुण्यातून पुढे गाडी ठरवायची. नऊ जणांना मात्र आपली टेम्पो ट्रॅव्हलरच सोयीची.

आता महिना. इथे आपल्या भागातल्या लोकांच्या हातात एक फायदा आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. आपली मुलं कर्नाटक बोर्डाच्या शाळेत, मग माध्यम मराठी असो की कन्नड. पार्क मात्र महाराष्ट्रात, आणि तिथली गर्दी ठरते पुण्या-मुंबईच्या शाळांच्या सुट्ट्यांवर. कर्नाटकातल्या शाळांना उन्हाळी सुट्टी साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागते आणि मेअखेर शाळा उघडतात. महाराष्ट्रात एप्रिलचा बराच भाग परीक्षांतच जातो, सुट्टीचा खरा जोर मेमध्ये येतो आणि जूनच्या मध्यापर्यंत टिकतो. म्हणजे एप्रिलचा मधला आठवडा तुमच्या मुलांना मोकळा आणि तिथे रांगा त्या मानाने कमी. मेमध्ये गेलात तर दोन राज्यांची गर्दी एकाच गेटवर भेटते.

याहून चांगला काळ दसऱ्याचा. आपल्याकडे दसऱ्याला दोन आठवड्यांच्या आसपास सुट्टी मिळते. महाराष्ट्रात तेव्हा शाळा चालू असतात, कारण त्यांची मोठी सुट्टी दिवाळीला. घरात घट बसलेले असतात, नंदादीप सोडून नऊ दिवस बाहेर पडता येत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून सोनं वाटून झालं की एक दिवस मोकळा सोडून निघायचं. सुट्टीचे काही दिवस बहुधा दसऱ्यानंतरही उरतात. त्यातला मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार धरायचा. पाऊस ओसरलेला असतो, डोंगर हिरवेगार असतात, ऑक्टोबरचा उकाडा असतो पण मेइतका जीव घेत नाही. तसंच बसव जयंती, महालय अमावास्या, वाल्मीकी जयंती, कनकदास जयंती या सुट्ट्या कर्नाटकात असतात, महाराष्ट्रात नसतात. त्यातली एखादी आठवड्याच्या मधोमध आली तर एक-दोन दिवस रजा टाकून बेत जमतो. सीबीएसई शाळांचं वेळापत्रक वेगळं, त्यांनी आपलं आपण पाहावं.

डिसेंबर-जानेवारीची हवा उत्तम, पण त्या महिन्यांत शाळा-कॉलेजांच्या सहली नेमक्या कामाच्या दिवशीच येतात, त्यामुळे बुधवारही रविवारसारखा वाटू शकतो. जून ते सप्टेंबर खोपोलीचा पाऊस म्हणजे घाटाखालचा कोकणातला पाऊस. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या मोठ्या राइड्स थांबवतात, आणि ते बरोबरच आहे. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने पावसाळा टाळावा.

तिकिटाबद्दल. इमॅजिकाचं थीम पार्क एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं, २०१४ मध्ये शेजारी वॉटर पार्क आलं, २०१६ मध्ये स्नो पार्क. तिन्ही एकाच आवारात असली तरी वेगवेगळी पार्कं आहेत. थीम पार्कलाच एक दिवस पुरत नाही. वॉटर पार्क म्हणजे कपडे बदलणं, लॉकर, ओले टॉवेल, मुलांना पाण्याबाहेर काढायची मनधरणी. दोन्ही एका दिवसात कोंबली की दोन्ही अर्धीच राहतात. मुलं सगळी दहाच्या आतली आणि फक्त पाणी हवं असेल तर एकटं वॉटर पार्क घ्या. तुमच्या घरी १६ वर्षांचा पुतण्याही आहे आणि आजीही, तेव्हा थीम पार्क. स्नो पार्क थोड्या वेळाचं आहे, तिकीट वेगळं. माझ्या मते लांबून येणाऱ्यांनी ते सोडावं.

ज्यांना पाण्याचे आणि कोरडे खेळ एकाच तिकिटात हवेत, त्यांना मी उलट दिशेला पाठवतो, बंगळुरूजवळ बिडदीच्या वंडरलाला. ते २००५ पासून चालू आहे. बेळगावहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रात्री बंगळुरूला नेते, तिथून म्हैसूर रस्त्यावर बिडदी. पाण्यात उतरायला सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन किंवा पॉलिस्टरचे लागतात, हे आधी माहीत असू द्या. धारवाड-खानापूर बाजूच्या लोकांना ते सोयीचं पडतं. निपाणी-चिकोडीकरांना खोपोली जवळ.

इमॅजिकात मुलाचं तिकीट वयावर ठरत नाही, उंचीवर ठरतं. राइडलाही तेच. म्हणून निघण्याआधी तिन्ही लहान मुलांची उंची घरीच भिंतीला पाठ लावून, अनवाणी, सेंटीमीटरमध्ये मोजा आणि पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडची अट बघून घ्या. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि दिवसातलं सगळ्यात मोठं रडणं वाचवतं. मी पाहिलेलं एक दृश्य सांगतो. नऊ-दहा वर्षांची मुलगी, तासभर उन्हात रांगेत उभी राहून मोजपट्टीजवळ पोचली. टाचा किंचित उचललेल्या, मान ताठ, श्वास रोखलेला. तिथल्या कर्मचारी मुलीने खाली वाकून हलकेच तिच्या टाचा टेकवल्या आणि पट्टी डोक्यावरून सरकून गेली. बोटभर कमी. वडील हुज्जत घालायला लागले, ‘एवढ्याने काय होतंय?’ त्याने होतं. खांद्यावरून येणारी लोखंडी पकड ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेली असते. शरीर लहान असेल तर उलटं होताना ते पकडीतून सरकू शकतं. ती अट कर्मचाऱ्याच्या मर्जीवर नसते, तिथे रदबदली करूच नये. तुमच्या ९ वर्षांच्या मुलीला घरीच सांगा की अमुक राइड पुढच्या वेळी. तिला तिथे रांगेच्या टोकाशी कळायला नको.

आता मुख्य मुद्दा. नऊ जणांच्या तीन तुकड्या करा, आणि त्या आदल्या रात्रीच ठरवा. पहिली तुकडी पुतण्या आणि त्याचे वडील. दुसरी दोन्ही मुली आणि जाऊबाई. तिसरी सासूबाई, छोटा आणि ताई. ताईंचे यजमान मोकळे ठेवा. दुपारपर्यंत एका तुकडीबरोबर, नंतर दुसऱ्या. दुपारनंतर जाऊबाई आणि ताई अदलाबदल करतील, नाहीतर घरातल्या बायकांचा दिवस नेहमीप्रमाणे पोरं आणि पिशव्या सांभाळण्यात जातो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मी प्रत्येक सहलीत बघतो: तिकीट सगळ्यांचं सारखंच, पण संध्याकाळी आईला विचारलं की काय काय बघितलं, तर तिला सांगायला काही नसतं.

पहिल्या तुकडीने गेट उघडताच थेट मोठ्या रोलर कोस्टरकडे चालत सुटायचं. वाटेत फोटो नाहीत, दुकानं नाहीत. कारण साधं आहे. कोस्टरच्या एका गाडीत मावतात मोजकी माणसं. ती बसवायची, प्रत्येकाची पकड तपासायची, गाडी सोडायची, परत आली की उतरवायची, मग पुढची. तासाभरात ठरावीकच लोक जातात, म्हणून सकाळी अकराला लहान दिसणारी रांग दुपारी एकला कितीतरी लांबते. उलट थिएटरसारख्या ज्या गोष्टी आहेत तिथे एका खेपेला मोठा जमाव आत जातो, रांग कितीही मोठी दिसली तरी एकदम रिकामी होते. तेव्हा सकाळ कोस्टरसाठी आणि भर दुपार थिएटरसाठी. लोक नेमकं उलटं करतात, गेटजवळ जे पहिलं दिसेल तिथे उभे राहतात.

नायट्रो ही तिथली सगळ्यात मोठी राइड. बॉलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीने बनवलेली, उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास, आणि पाच वेळा उलटं करते. बसल्यावर खालची फळी सरकून जाते आणि पाय मोकळ्या हवेत लोंबकळतात. म्हणून चप्पल आधीच काढून ठेवायची, चष्मा आणि मोबाइल लॉकरमध्ये. पुतण्याला सांगा, पुढच्या रांगेत बसलं तर समोर काहीच आडवं नसतं, सगळं दिसतं. मागच्या रांगेत बसलं तर गाडीचा पुढचा भाग आधीच खाली सुटलेला असतो आणि आपण माथ्यावरून ओढले जातो, पोटात खड्डा पडतो तो मागे जास्त. एकदा सकाळी पुढे, एकदा संध्याकाळी मागे बसायचं. शेवटच्या तासाभरात लहान मुलांची कुटुंबं परतायला लागतात, रांगा आखडतात. दुपारी ज्यासाठी तासभर थांबावं लागतं ते तेव्हा बऱ्याच लवकर मिळतं.

डीप स्पेस हा दुसरा मोठा कोस्टर, तो पूर्ण अंधारात. वेग नायट्रोपेक्षा कमी, पण वळण कुठे येतंय ते दिसत नसल्यामुळे अंग सावरायला वेळच मिळत नाही. ज्यांना गाडी लागते त्यांना अंधारातली वळणं जास्त त्रास देतात. जेवणानंतर तासभर या दोन्हींपासून लांब राहायचं. ज्यांना हृदयाचा त्रास, रक्तदाब, मानेचं-कमरेचं दुखणं आहे आणि ज्या गरोदर आहेत, त्यांनी बसायचंच नाही. ‘एकदा बसून बघतो’ म्हणणारे चाळिशीपुढचे दीर प्रत्येक घरात असतात. कंबर धरलेली असेल तर त्यांना कुणीतरी ठामपणे अडवा.

रांग टाळायचं महागडं एक्स्प्रेस तिकीट मिळतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी ते घेऊ नका. शनिवार-रविवारीच जाणं भाग असेल तर फक्त पहिल्या तुकडीपुरतं घ्या. नऊ जणांना घेणं म्हणजे निव्वळ नासाडी, कारण ज्या राइड्सना त्याचा उपयोग, त्यात सासूबाई आणि छोटा बसणारच नाहीत.

मुलींच्या तुकडीसाठी गोल्ड रश एक्स्प्रेस चांगली. कोस्टरच आहे, पण बेताचा; पहिल्यांदा बसणाऱ्याची भीती मोडते. मग अलिबाबाची राइड, जिथे गाडीत बसून बंदुकीने निशाणे टिपायचे असतात, दोघी बहिणींची चुरस लागेल. पाण्याच्या दोन राइड्स, राजासॉरस आणि स्प्लॅश अहोय, दुपारी एक ते तीनच्या उन्हात ठेवा. राजासॉरसमध्ये होडी उंचावरून खाली येते आणि पुढच्या रांगेतले चिंब भिजतात. जाता जाता मुलींना सांगा की हा डायनासोर खरोखर आपल्या देशातला. त्याचे जीवाश्म गुजरातेत बालासिनोरजवळ राहिओलीला सापडले आणि २००३ मध्ये त्याला राजासॉरस हे नाव मिळालं. रांगेत उभं असताना बोलायला विषय होतो. भिजून लगेच वातानुकूलित थिएटरात जाऊ नका. अर्धा तास उन्हात हिंडून कपडे वाळू द्या, नाहीतर आतल्या गारव्यात सगळी कुडकुडत बसतात. सलीमगड हा भुताचा वाडा चालत बघायचा असतो, अंधारात माणसं अंगावर येतात. ११ वर्षांच्या मुलीला विचारून न्या. ९ वर्षांच्या मुलीला आग्रह करू नका, रात्री मुक्कामावर झोप उडते ती आईची.

सासूबाईंना घरी ठेवावं असं वाटतं, कारण आपण पार्क म्हणजे फक्त कोस्टर समजतो. त्यांच्यासाठी आत बघण्यासारखं भरपूर आहे, फक्त चालणं कमी करायला हवं. गेटवरच व्हीलचेअर मागा. त्या नको म्हणतील, तरी घ्या. दुपारनंतर लागतेच, आणि तोवर पिशव्या ठेवायला होते. सगळ्यात आधी त्यांना आय फॉर इंडियाला न्या. खुर्चीत बसवून समोरच्या भल्यामोठ्या पडद्यापुढे उचलतात, पाय अधांतरी राहतात आणि आपल्या देशावरून उडत चाललोय असं वाटतं. धक्के नाहीत, उलटं होणं नाही. आमच्याबरोबर आलेल्या एका आजींनी आधी ‘तुम्ही जावा, मी हितंच बसते’ म्हणून हट्ट धरला होता. कशाबशा बसल्या. नऊवारीचा पदर कमरेला घट्ट खोचला, चपला काढल्या, दोन्ही हातांनी पट्टा धरून डोळे मिटून घेतले. खुर्ची उचलली गेल्यावर एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि थोड्या वेळाने पट्ट्यावरचा एक हात सुटून पडद्याकडे बोट दाखवायला लागला. बाहेर आल्यावर सुनेला म्हणाल्या, ‘परत एकदा बसूया की.’ परत बसल्या. पाच वर्षांच्या मुलालाही चालेल का, ते उंचीची अट बघून ठरवा.

छोट्यासाठी मॅजिक कॅरोसेल म्हणजे घोड्यांचं चक्र, टबी टेक्स ऑफ, हम्प्टीज फॉल अशी लहानांची गंमत एका बाजूला आहे. या वयाचं मूल एकाच घोड्यावर पाच वेळा बसायला तयार असतं. बसू द्या. त्याला फरफटत सगळं दाखवायची गरज नाही. दुपारी जेवणानंतर आजी आणि तो दोघेही एखाद्या थंड जागी अर्धा तास डुलकी काढतील तर पार्कमधली संध्याकाळची मिरवणूक दोघांनाही नीट बघता येते. मिरवणुकीच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी कडेची सावलीतली जागा धरून बसा, तिथे सगळ्या तुकड्यांनी एकत्र यायचं.

एकत्र यायच्या वेळा दोनच ठेवा: दुपारचं जेवण आणि ही मिरवणूक. जागा नकाशावर बोट ठेवून ठरवा, ‘फोन करू’ यावर विसंबू नका, कारण राइडवर असलेल्याचा फोन लॉकरमध्ये असतो. छोट्याच्या मनगटावर बॉलपेनने दोन मोबाइल नंबर लिहा.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. आपल्या बायका पहाटे उठून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, धपाटे करतात आणि डबे गेटवर अडतात, तेव्हा वाईट वाटतं. डबा जरूर करा, पण तो प्रवासासाठी आणि पार्किंगमधल्या न्याहारीसाठी. आत जायच्या आधी पोटभर खाऊन घ्या. आत जेवण महाग आहे आणि एक ते अडीच या वेळात काउंटरवर गर्दी उसळते. सव्वाबाराला जेवलात तर जागा मिळते, आणि सासूबाईंच्या गोळ्यांची वेळही सांभाळली जाते. मधुमेह असलेल्याची औषधं आणि साखर उतरली तर लागणारं थोडं गोड हातातल्या पर्समध्ये वेगळं ठेवा, तपासणीला स्पष्ट सांगा. पाणी सतत प्यायला हवं. कोकणातल्या दमट हवेत घाम किती गेला ते आपल्या घाटावरच्या माणसांना कळत नाही.

कपड्यांचं थोडक्यात: बायकांना राइडवर बसायचं असेल तर सलवार-कमीज किंवा पँट. पाचवारी साडीत पायांमधून येणारा पट्टा लावायला अडचण होते. ओढणी राइडवर नेऊच नका, काढून पिशवीत घाला. चाकात किंवा सांध्यात अडकलेली ओढणी जिवावर बेतते. पायात मागून पट्टा असलेले सँडल किंवा बूट. सोन्याचं मंगळसूत्र आणि कानातले डूल मुक्कामी ठेवा.

तिसरा दिवस सासूबाईंच्या नावाने ठेवा. खोपोलीच्या जवळच महडचा वरदविनायक आहे, आणि इमॅजिका ज्या रस्त्यावर आहे तोच पुढे पालीला, बल्लाळेश्वराला जातो. अष्टविनायकातले दोन गणपती एका सकाळी होतात. निपाणीहून एरवी मुद्दाम इतक्या लांब येणं होत नाही, त्यामुळे सासूबाईंना सहलीला तयार करायलाही हे कारण पुरतं. फक्त तारीख ठरवताना संकष्टी आली नाही ना, तेवढं पंचांगात बघा, आणि अंगारकी असेल तर एक दिवस पुढे-मागे करा. पालीहून अकराच्या आत निघालात तर दुपारी पुणं ओलांडता येतं, आणि सातारा-कोल्हापूरमधले वळवलेले रस्ते बऱ्यापैकी उजेडात पार पडतात. चालकाला वाटेत एकदा तरी तासभर पूर्ण झोप काढू द्या. हे गाडी ठरवतानाच बोलून ठेवायचं.